डांबराची कड

मागून ट्रकचा भोंगा वाजला. रांगेतली मुले डांबरावरून खाली मातीत उतरली. गौतमी उतरली नाही. दुसरीतली ती एवढीशी पोर, मान ताठ ठेवून रस्त्याच्या मधोमध चालतच राहिली. ब्रेक किंचाळले. ट्रक तिच्या पाठीशी हातभर अंतरावर येऊन थांबला.

"मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

खुशाल मास्तरने धावत जाऊन तिला कडेला ओढले.

"काऊन उतरली नाई वं?"

"आबाजीनं सांगतलं, कोनासाठी रस्ता सोडाचा नाई."

गाव आणि शाळा यांच्यामध्ये नागपूर-हैदराबादचा तो अरुंद रस्ता होता. पोरांनी शाळेत पायी यावे आणि सुखरूप यावे, म्हणून खुशाल रोज सकाळी गावात जाई आणि त्यांना रांगेने घेऊन येई. आईबाप आताशा कुठे धीर करू लागले होते. एक पोर गेले असते, तर रांगच संपली असती. त्या दिवशी फळ्यावर लिहितानाही त्याचे कान रस्त्याकडे होते. प्रत्येक भोंग्याला हातातला खडू थांबत होता.

संध्याकाळी तो गौतमीच्या घरी गेला. तिचा आजा देवाजी अंगणात दोर वळत बसला होता. खुशाल मुळातला अबोल. मनात जुळवून आणलेले वाक्य ओठांवर येईपर्यंत पुढ्यातला चहा निवून गेला.

"आबाजी, पोरीले कडेनं चालू द्या. ट्रक कोनाले वळखत नाई."

देवाजीचे हात थांबले. "मास्तर, देशमुखाच्या बैलाचे घुंगरू वाजले का माहा बाप रस्ता सोडून खाली उतरे. त्याची दमनी गाडी पुढं जाईपर्यंत मान खाली घालून उभा राहे. मी त्याचं बोट धरून. निजाम गेला, देशमुखी गेली, तवा म्या ठरवलं, आता आमच्या घरचं कोनी उतरनार नाई. तुमचा बाप नवता उतरत? का मास्तर झाले, म्हनून इसरले?"

खुशालचा बापही उतरत असे. तो उठला. वाटभर त्याला एकच गोष्ट कुरतडत राहिली. म्हातारा खरे बोलत होता, आणि ट्रकला त्यातले काहीच कळणार नव्हते. उद्या त्या पोरीला 'उतर' म्हणायचे, तर कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी देवाजी स्वतःच नातीला घेऊन रांगेपाशी आला. तिचे बोट घट्ट धरून तो डांबराच्या मधोमध उभा राहिला. मास्तर काय करतो, ते त्याला पाहायचे होते.

खुशालने एकदा दोघांकडे पाहिले. मग तो म्हणाला, "गौतमी, आजपासून रांगेच्या म्होरं तू. गाडी आली का सगळ्याइले तूच उतरवाचं."

देवाजीने बोट सोडले नाही. तिनेच ते सोडवून घेतले आणि ती पुढे धावली.

वळणावर ट्रक दिसला. गौतमीने हात वर केला. "उतरा रे!"

रांग उतरली. देशमुखाचा नातू तेवढा नव्या बुटांकडे आणि खालच्या चिखलाकडे पाहत काठावर घुटमळला.

"ए, तुले काय येगळं सांगू? उतर!"

तो मुकाट्याने चिखलात उतरला. ट्रक जवळ येत होता. गौतमीने वळून पाहिले आणि कमरेवर हात ठेवले.

"आबाजी, तुमी बी!"

निजाम गेल्यापासून कोणासाठीही रस्ता न सोडलेला देवाजी हसत हसत खाली उतरला, आणि देशमुखाच्या नातवाशेजारी रांगेत उभा राहिला.