मूळ इंजिन

गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून तपासणीवाल्याने इशारा केला. जितेंद्रने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि धुराचा असा काळा लोट उठला, की तपासणीवालाच खोकत मागे सरकला.

"साहब, ये पास नहीं होगी," तो म्हणाला. "इस जनम में तो नहीं."

शेजारच्या सीटवर त्याचे बाबा, विश्वनाथराव, शांतपणे खिडकीबाहेर बघत होते. जणू दुसऱ्याच कुणाची गाडी नापास झाली होती. जितेंद्रने मात्र इंजिन बंद करून स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. जन्मल्यावर इस्पितळातून तो घरी आला तो याच अँबॅसडरमधून. बाबांचा अर्धा जीव या गाडीत होता, हे त्यांच्या इंद्रपुरी वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

डिझेल स्वस्त होतं त्या काळात सगळ्यांनी केलं, तेच विश्वनाथरावांनी केलं होतं. पेट्रोलचं मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं. आता तेच नडलं. धुरात नापास म्हणजे नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे गाडी भंगारात. पळवाट एकच. पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, मूळ इंजिनासकट.

"बाबा, ते जुनं इंजिन कुणाला विकलंत?"

"झालं त्याला युग. कुणाला आठवतंय."

घरी आईने ऐकलं आणि सुस्कारा सोडला. "ते इंजिन गेलं तेव्हा महिनाभर धड जेवले नव्हते हे. मला तर सवतच वाटायची ती."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी ते साकेत नगरला गुडघ्याच्या व्यायामाला जात. वर्षानुवर्षं जात होते, गुडघा मात्र जिथल्या तिथे होता. येताना ज्वारीचं ताजं, गरम पीठ घेऊन येत. भाकरी करताना आई, सुशीलाबाई, म्हणायच्या, "गुडघ्याचं राहू दे, पिठासाठी तरी जात जा."

इंजिनाचा माग लागला तो शैलेंद्रमुळे. हा जितेंद्रचा ओळखीचा मेकॅनिक. मिसरोदच्या एका गल्लीत जुन्या अँबॅसडरच्या इंजिनावर पिठाची गिरणी चालते, असं तो म्हणाला. जितेंद्र रविवारी गेला, ग्रीस पुसून नंबर गाडीच्या जुन्या कागदांशी ताडून पाहिला. बाबांचंच इंजिन.

घरात त्याने कुणाला अक्षर कळू दिलं नाही. इंजिन बाबांच्या समोर नेऊन उभं करायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

गिरणीवाल्या कुसुमताई ग्वाल्हेरच्या. नवरा गेल्यापासून एकट्या राहत. जितेंद्रने स्वतःचं नाव सांगितलं नाही. गरज कळली तर बाई अडून बसेल, अशी धास्ती. त्यांनी चहा दिला, गूळपापडी दिली आणि नकारही तितक्याच गोडीने दिला.

"बिलकुल नाही हो भैय्या. इंजिन गेलं तर मी कशाला उरले?"

"विजेवर चालवा की गिरणी. आवाज नाही, धूर नाही."

"मिस्त्रींना विचारायला पाहिजे. सगळं तेच बघतात. एक पैसा घेत नाहीत."

"त्यांचा फोन नंबर द्या, मी बोलतो."

"नंबर?" कुसुमताई हसल्या. "त्याची कधी गरजच पडली नाही. ते येतातच."

पुढच्या दोन रविवारी हेच झालं. तिकडे नोंदणीची मुदत डोक्यावर आली. तिसऱ्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून जितेंद्रने गिरणीच्या निळ्या धुराचा व्हिडिओ काढला आणि प्रदूषणाच्या तक्रारीत पाठवून दिला. रात्री ताटातली भाकरी तशीच ठेवून तो उठला. बाबांसाठी केलं, असं त्याने स्वतःला बजावलं.

शुक्रवारी गिरणीला सील लागलं. रविवारी तो गेला तेव्हा ओसरीवर ट्रंक बांधून ठेवलेली होती.

"भाऊ न्यायला आलाय. ग्वाल्हेरला चालले," कुसुमताई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "घेऊन जा इंजिन. भंगारवाल्यापेक्षा तुम्ही बरे. पैसे नकोत, एक काम करा. गुरुवारी मिस्त्री येतील. दाराला कुलूप दिसेल त्यांना. कुणीतरी सांगायला पाहिजे ना."

"सांगतो," जितेंद्र म्हणाला. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही.

टेम्पो इंद्रपुरीत शिरेपर्यंत मात्र त्याचं मन हलकं झालं होतं. गिरणी काय, दुसरी मिळेल बाईंना. बाबांना ही गाडी पुन्हा मिळाली नसती. त्याने दारातूनच हाका मारल्या. इंजिन आलंय कळताच सुशीलाबाई ओवाळणीचं ताट घेऊन धावत बाहेर आल्या.

"या हो लवकर! तुमची सवत आली परत घरी," त्या हसत म्हणाल्या. "म्हणजे माझी."

विश्वनाथराव लंगडत टेम्पोपाशी आले. जितेंद्रने ताडपत्री ओढली. त्यांनी नंबर पाहिला नाही. हात थेट मागच्या बाजूला गेला, तिथल्या एका नव्याकोऱ्या नटावर थांबला. बोटांना पीठ लागलं.

"बाबा, ओळखलंत ना?"

विश्वनाथरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बायको ताट घेऊन शेजारी उभी आहे, याचंही त्यांना भान उरलं नव्हतं.

"जितू," त्यांनी विचारलं, "कुसुम कुठे आहे?"