परतीची सीट

अलास्कात नदीकाठच्या गावांना डॉ. टॉलेफसन दर महिन्याला स्वतःच विमान उडवत जायचा आणि शाळेत खुर्ची मांडून दात तपासायचा. दुखणं मोठं असलं, तर पेशंटला परतताना बेथेल शहरातल्या दवाखान्यात न्यायचा. पण विमानात पेशंटसाठी सीट एकच. एरवी या गावात कसेबसे दोघे फिरकायचे. आज एकवीस जण गाल धरून रांगेत, आणि वीस तोंडं तपासली तरी एकाही दाताला कीड नाही!

शेवटची ओलिंका आजी.

"आजी, चारच उरलेत, पण चारही ठणठणीत!" तो वैतागला. "मी डॉक्टर आहे की टॅक्सीवाला?"

"संध्याकाळी बेथेलला बास्केटबॉलची फायनल आहे रे. नात खेळतेय माझी."



आजीने पुन्हा तोंड उघडलं. "यातला वाटेल तो काढ."