पोळपाट कामात आहे

उज्ज्वलानं पोळपाट धुऊन, पुसून टेबलावर ठेवला. तिचा चपट्या डब्याएवढा कॉम्प्युटर त्याच्या पायांमध्ये बरोब्बर मावला. वर मॉनिटर चढवला, तशी वर्षभर वाकून काम केलेली तिची मान चार बोटं वर आली. नवरा दर महिन्याला म्हणायचा, “स्टँड पुढच्या महिन्यात बघू. घरीच तर बसायचंय तुला.”

दुपारी ताटात नुसता भात बघून त्यानं विचारलं, “पोळ्या कुठायत?”

“पोळपाट कामात आहे,” ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली.

“मग लाटायच्या कशावर?”

“ज्याला हव्यात त्यानं ओटा पुसून घ्यावा.”

तो आईकडे वळला. चाळीस वर्षं पोळ्या लाटलेल्या सासूबाई उठल्या, लाटणं घेऊन आल्या आणि लेकाच्या हातात देत म्हणाल्या, “कडा जाड ठेवू नकोस.”