बिनहवेचं चाक

रविवारी गाड्या घेऊन मलकापूरपर्यंत सुटायच्या आधी वरद आणि त्याचे गाडीवेडे दोस्त रत्नागिरी रोडवर हिंदुराव लोहारांच्या पंक्चरच्या दुकानात हवा भरून घ्यायचे. त्या रविवारी वरदनं बॉनेटवर इंग्रजी मासिक पसरलं. दोन हजार पाच साल, परदेशातलं बिनहवेचं टायर, आणि त्या हवा नसलेल्या टायरचीच सगळीकडं हवा झाली होती.

"ट्यूब न्हाय, पंक्चर न्हाय! खिळं पेरा म्हणावं रस्त्यात!" वरद ओरडला.

"मर्दा, आपल्या खड्ड्यांत मणकं ढिलं हुतील की," दुसरा म्हणाला.

"मामा, तुमचं दुकान उठलं बघा आता!" तिसऱ्यानं हाळी दिली, आणि सगळे हसले.

हिंदुराव ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधत होते. सकाळपासूनची ही अकरावी. गुडघ्यावर हात टेकून ते कसेबसे उठले आणि मासिकातला टायरचा फोटो बघू लागले. याच जागेवर त्यांचा बाप बैलगाडीच्या लाकडी चाकांना भट्टीत तापवलेली लोखंडी धाव, म्हणजे गोल पट्टी, चढवायचा. पुढं बैलगाड्यांनाही रबरी टायरं आली, भट्टी विझली, आणि त्याच राखेवर हिंदुरावांनी हवेचा पंप आणून बसवला.

"मामा, तुमास्नी काय वाटतंय?" वरदनं विचारलं.

हिंदुराव परत पाण्याशी बसले.



"बाचा धंदा हवा आली म्हणून बसला. माझा हवा गेली म्हणून बसंल."