अर्धं मशीन

“वाचून काय दाखवतोस? सही कुठे करायची ते सांग,” अध्यक्ष म्हणाले.

हॉस्पिटलच्या कारकुनाने वाचन आवरतं घेतलं. धर्मादाय मॅरेथॉनचा छापील अर्ज होता तो. शर्यतीच्या दिवशी धावपटू जितके किलोमीटर धावेल, त्या प्रत्येकामागे देणगीदार अमुक इतकी रक्कम देईल, खाली सही. अध्यक्षांनी आकडा टाकला, सही ठोकली, शिक्का मारला आणि समोर उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं.

ताई धुलाई खात्यात होती. वय सेहेचाळीस. वीस वर्षं ओल्या चादरी पिळून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते, पण तिला पळताना कुणी पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये डायलिसिसचं मशीन आणा, म्हणून ती दोन वर्षं अध्यक्षांच्या मागे लागली होती. दर वेळी उत्तर एकच, पैसे नाहीत. त्याच दोन वर्षांत खालच्या दालनात काचेचं कारंजं मात्र बसलं. आता बोला!

“पाच किलोमीटरच्या पुढे जात नाही ही,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणूनच एवढा मोठा आकडा टाकलाय.”

कारकुनाने मनातल्या मनात हिशेब केला. “साहेब, पूर्ण बेचाळीस धावली तर बरोबर अर्ध्या मशीनचे पैसे होतात.”

“मग आणू दे की अर्धं मशीन! अर्ध्या पेशंटला लावू!”

अध्यक्ष पोट धरून हसले. ज्यांना नोकरी टिकवायची होती तेही हसले.

“मला या कागदाची एक प्रत द्या,” ताई म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ बस कंडक्टर होता. किडन्या गेल्या आणि नोकरीही गेली. आठवड्यातून तीनदा तो दोन तास बसने शेजारच्या शहरात जायचा, चार तास मशीनला बांधून घ्यायचा आणि पुन्हा दोन तास धक्के खात परत यायचा. आल्यावर त्याला जिना चढवत नसे. ताई त्याला पाठीवर घेऊन वर न्यायची. आणखी वर्षभर हा प्रवास त्याला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिला झोप अशी लागलीच नव्हती.

शर्यतीला दहा महिने होते. भाऊच तिचा शिक्षक झाला. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, हातात घड्याळ घेऊन तो बसायचा आणि जुन्या सवयीने ओरडायचा, “पुढे चला, पुढे चला! ताई, आत्ता तुझ्या पुढून एक कुत्रं गेलं. लंगडं होतं गं!”

“जाऊ दे त्याला. त्याला काम असेल.”

“अगं, जरा वेग वाढव. या चालीने पोचेपर्यंत लोक मांडव सोडून घरी गेलेले असतील.”

“मला कुठे पहिलं यायचंय?”

वेग काही वाढला नाही. पळणं मात्र वाढत गेलं. सुट्टीच्या दिवशी ती पहाटे बाहेर पडायची, दुपारी घरी यायची, मोजे बदलायची आणि पुन्हा निघायची. खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे असायचे. पळता पळताच खायची.

“मला बटाट्याला बंदी आहे आणि तू माझ्यासमोर हाणतेस!” भाऊ चिडायचा. मग तिच्या पायांकडे बघून त्याचा आवाज उतरायचा. दोन नखं काळी पडून गळली होती. “ताई, पुरे आता. अर्ध्या मशीनसाठी कशाला जीव काढतेस? उरलेले पैसे आणणार कुठून?”

“ते मी बघते. तू घड्याळ बघ.”

“हट्टी आहेस.”

“आहेच. तुझीच बहीण आहे.”

धुलाई खात्यातल्या बायकांनी जमतील तसे पैसे लिहिले. त्यात मशीनचा एखादा पाइप आला असता.

शर्यतीच्या दिवशी पहाटे सहाला बंदूक वाजली. ताईच्या मनगटावर आयोजकांनी अंतर मोजणारं यंत्र बांधलं होतं. पहिल्या किलोमीटरला ती शेवटून तिसरी होती, दहाव्याला शेवटची. मागून येणाऱ्या गाडीतला माणूस दर वळणावर विचारत होता, “बाई, बसता का?” पाचव्यांदा विचारल्यावर तिने त्याला अशा नजरेने पाहिलं की त्याने काचच वर केली.

बारा वाजायला आले तेव्हा शेवटच्या रस्त्यावर ती एकटीच होती. धुलाई खात्यातल्या बायका बादल्या बडवत उभ्या होत्या. अंतिम रेषेजवळ भाऊ खुर्चीतून उठून उभा राहिला होता आणि भर रस्त्यात रडत होता. त्याला त्याची लाज वाटत नव्हती. “ताई, शेवटचे दोनशे मीटर! आता तरी जोरात पळ गं!”

ती त्याच चालीने आली.

अध्यक्ष रेषेपलीकडे उभे होते. चेक आधीच लिहून ठेवला होता, बेचाळीस किलोमीटरचा. फोटोवाल्यालाही त्यांनीच बोलावलं होतं. हरले होते, पण अर्ध्यातच सुटले होते. फोटो छापून येणार होता. “शाब्बास!” ते हात पसरून पुढे आले. “कमाल केलीस हं. पण खरं सांगू का, अर्ध्या मशीनचं काय करणार तू?”

ताईने रेष ओलांडली. भावाच्या हातातला बटाटा घेतला, अध्यक्षांना वळसा घातला आणि आली तशीच रस्त्याला लागली.

“अगं ए! संपलं! बेचाळीस झाले! अरे, थांबवा तिला कुणीतरी!”

तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पळता पळताच ओरडली,

“शर्यत संपली, साहेब. दिवस कुठे संपलाय?”