थाळीचा तोल

डावीकडचा दांडा अजून अर्धा आटा लांब हवा होता. सहदेवने तो सोडवला, फिरवला, पुन्हा अडकवला आणि डोळा थाळीच्या पातळीला आणून पाहिलं. छोट्या हेलिकॉप्टरच्या पात्यांखालची पितळी थाळी आता कुठे सपाट दिसत होती.

दाजी परब पडवीच्या पायरीवर येऊन बसला होता. देवीच्या जत्रेची सगळी व्यवस्था त्याच्याकडे.

"अमेरिकन चंद्रार जाऊन परत इले," दाजी म्हणाला, "आणि तू वर्षभर ह्या पडवीतसून भायर पडूक नाय. उद्या उडयतलंस मा?"

"बघूया."

"बघूया काय रे? चंद्रावतीन सगळ्यांसमोर सांगलान हा तुका."

सांगितलं होतं खरं. शेवटच्या दिवशी बायकोच्या खाटेभोवती अर्धी वाडी जमली होती. "जत्रेक मशीन उडाक व्हया हां," ती म्हणाली. सहदेव "होय" म्हणाला. मग तिची नजर त्याच्यावरून सरकून पायथ्याशी उभ्या असलेल्या सुनेकडे गेली. पाणी हवं असेल, म्हणून तोच उठून तांब्या घेऊन आला. पाणी तिने घेतलं नाही.

तो 'होय' आता त्याला जड झाला होता. रात्री झोप लागत नव्हती आणि सकाळी उठवत नव्हतं.

दाजी गेला. सहदेव पुन्हा यंत्राकडे वळला.

नौदलाच्या हेलिकॉप्टरांवर मेकॅनिक म्हणून काम करून तो पेन्शनीत निघाला होता. मुलगा लवू बोटीवर. त्याने परदेशातून रेडिओचा संच आणला: लहान काठ्या हलवून यंत्र दुरून चालवायचा डबा आणि डब्याचं ऐकून दांडे हलवणाऱ्या लहान मोटारी, म्हणजे सर्व्हो. त्यावरून सहदेवने हे हातभर लांबीचं हेलिकॉप्टर बांधलं. थाळी कलली की पाती कलतात आणि पाती नेतील तिकडे यंत्र जातं.

ती थाळी दोन तऱ्हांनी हलवतात. एका तऱ्हेत तिन्ही सर्व्हो मिळून तिला उचलतात आणि कलवतातही. दुसरीत ज्याचं काम त्याचं. एक पुढे-मागे, एक डावी-उजवीकडे, एक वर-खाली. सहदेवने दुसरी घेतली होती.

"ह्येच्यात एकाचा काम दुसऱ्यार ढकलूक येना नाय," त्याने चंद्रावतीला समजावलं होतं.

"मगे तुमच्या घराण्यात ही तऱ्हा कशी चालतली?" ती म्हणाली होती.

त्याने डबा उचलला आणि काठी हलवून पाहिली. सर्व्हो कुरकुरले. थाळी हलली. बरं आहे, असं म्हणून तो डबा खाली ठेवणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेली सून रुक्मिणी थांबली.

"मामांनू, थाळी उलटी कलता."

"खंय?"

"काठी उजवीकडे, थाळी डावीकडे."

त्याने पुन्हा पाहिलं. दांडा सर्व्होच्या भलत्या बाजूला अडकवला होता. अशी चूक त्याच्या हातून आजवर झाली नव्हती.

"तुका कसा कळला गो?"

"आई खिडकीत बसान बडबडायची, ता ऐकलंय," रुक्मिणी म्हणाली आणि चहा पुढे केला.

त्याने दांडा दुसऱ्या बाजूला घेतला. काठी उजवीकडे, थाळी उजवीकडे. आता काही उरलं नव्हतं.

"डबो खंय ठेवू?" तिने विचारलं.

"खिडकीत. सदाच्या जागेर."

सकाळी किनाऱ्यावर गर्दी होती. सहदेवने खुंटीवरचा डबा गळ्यात अडकवला आणि यंत्र उचलून घरासमोरच्या वाळूत नेलं. त्याला पाहून लोक सरकले. मासे विकणारी गोदूबाई टोपली खाली ठेवून पुढेच बसली.

"चंद्रावती असती, तर आजय खिडकीतच बसली असती," ती शेजारणीला म्हणाली. "भियायची ती मशीनीक. दोन जत्रा झाल्यो, एकदा भायर इली नाय."

"म्हणान तर सहदेव उतरवच्या आधी मशीनीचा नाक घराकडे वाकवी," शेजारीण म्हणाली. "बायलेक सलाम! आमच्या घोवान कधी वल्ह्यान तरी केल्यान काय?"

बायका हसल्या. सहदेवही थोडा हसला. त्याने दोरी ओढली. इंजिन खोकलं, मग लागलं. पाती संथ फिरू लागली. तो नेहमीसारखा मागे सरकला आणि यंत्र व घर यांच्या मधे उभा राहिला. घराकडे त्याने पाहिलं नाही.

काय बोलायचं ते त्याने रात्रीच ठरवलं होतं. हात चालत नाहीत, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, आणि बायको गेलेल्या माणसाला त्यापुढे कोण विचारणार? तिचा शब्द मात्र मोडणार होता.

त्याने काठीवर अंगठा ठेवला. थोडा वेळ जाऊ दिला.

"दाजी," तो म्हणाला, "माझे हात..."

पात्यांचा आवाज चढला. वाळू उडाली. यंत्र जमिनीवरून सुटलं, गुडघाभर उंचीवर क्षणभर थांबलं आणि सरळ वर गेलं.

पोरं ओरडली. यंत्र होड्यांच्या डोलकाठ्यांवरून गेलं, समुद्रावर वळलं, परत आलं. कुठे झुकलं नाही, कुठे अडखळलं नाही. थाळी तोलात होती.

"वा रे सहदेवा!" दाजीने टाळ्या वाजवल्या.

उतरण्याआधी यंत्राने सहदेवच्या समोर थांबून नाक वाकवलं.

सहदेवचा अंगठा काठीवरून केव्हाच सुटला होता. गळ्यातला डबा आतून रिकामा होता; दोन्ही जत्रांना तो हाच रिकामा डबा घेऊन इथे उभा राहिला होता. त्याने हळूच मान वळवली. खिडकीत, चंद्रावतीच्या जागेवर, खरा डबा मांडीवर घेऊन रुक्मिणी बसली होती.