प्रीतमची चाकं

रोबो पुन्हा माडाच्या ओल्या आळ्यात जाऊन आपटला आणि अनुजाचं डोकं फिरलं.

"प्रीतम, सरळ जाणारी चार चाकां तुका करूक येनत नाय?"

आचऱ्याला तिच्या घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, रोजचं हेच. पायरीपासून फाटकाकडे सोडलेला रोबो अर्ध्या वाटेत डावीकडे घसरायचा. चाकं प्रीतमने बनवलेली. त्यांच्या कडेला लहान लहान रूळ, म्हणजे रोबोने हवं तेव्हा आडवंही सरकावं. पण सांगितल्यावर सरकावं ना! महिन्याभरात सावंतवाडीला स्पर्धा, आणि जिंकणारा एकच संघ दिल्लीला जाणार.

"चाकां बरी आसत गो," प्रीतम म्हणाला. शाळेपासूनचा मित्र, पण बोलणं एवढंच.

"बरी आसत तर आळ्यात कित्याक जातत? माडाक पाणी घालूक?"

प्रीतमने रूळ पुसले, फिरवून बघितले आणि रोबो पुन्हा पायरीशी नेऊन ठेवला. त्या थंडपणानेच ती जास्त भडकली.

"घेऊन जा तुझी चाकां!"

तो घेऊन गेला, आणि दुसऱ्या संघात सामील झाला.

अनुजाने विकतची चाकं बसवली. रोबो तरी आळ्यातच! सांगाडाही त्याच शहाण्याने जोडलेला, मग दुसरं काय होणार? शेवटी वैतागून तिने प्रोग्रामच असा बदलला की रोबो सतत थोडा उजवीकडे रेटला जाईल. आता तो सुतासारखा सरळ फाटकापर्यंत गेला. उजव्या कडेला कोकमाची सोलं वाळत घालणाऱ्या आईचाही जीव भांड्यात पडला.

सावंतवाडीच्या हॉलमध्ये शिट्टी झाली. अनुजाचा रोबो निघाला तो तिरकाच, उजवीकडच्या कठड्यावर धाडकन. पुन्हा सोडला, पुन्हा कठडा. शेजारी प्रीतमच्या चाकांवरचा रोबो रेघ मारल्यासारखा गेला.

संपलं. दिल्ली गेली. भर हॉलमध्ये तिने प्रीतमला गाठलं.

"मेल्या, सांगाडो मुद्दाम वाकडो जोडलंस! इश्वासघात केलंस!"

परीक्षकसुद्धा वळून बघायला लागले. प्रीतमचे डोळे भरून आले. तो पाठ फिरवून निघून गेला.

तेवढ्यात आईचा फोन. "अनुजा, टाकी भरान व्हावली गो! खळ्यात सगळां पाणीच पाणी!"

"सोलां भिजली?" ती खेकसली.

"भिजतली कशी? तुझ्या बापाशीन खळां करतानाच माडाकडे उतार ठेवलेलो मां. पाणी सगळां आळ्यात गेलां."